ओठावरचा जर

गावात पाळणा हलला की सांगावा पहिल्यांदा बनुबाईला जायचा. कडेगावच्या वाटेला लागून तिचं दोन खोल्यांचं घर. नवरा लवकर गेलेला, पोटी मूल नाही. पायांवर बाळ आडवं घेऊन ती तेल चोळायची, टाळू भरायची, ऊन पाणी सोडायची, आणि शेवटी तोंड अगदी जवळ नेऊन दोन्ही कानांत हलकी फुंकर मारायची. पाणी राहू नये म्हणून. आज गावात मिसरूड फुटलेली कितीतरी पोरं तिच्या त्या फुंकरीखालून गेलेली.

हरणाबाईंच्या सुनेला मुलगा झाला तो मार्गशीर्षात. सून रेश्मा वाईची. तिच्या आईचा पाय मोडला होता म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. नवरा ऋषिराज फौजेत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. बनुबाई रोज सकाळी न्हाऊ घालायला जायची. मधेच तिला थंडीताप भरला. तो उतरला आणि दुसऱ्या दिवशी ओठाच्या कोपऱ्यात बारीक फोडांचा झुबका उठला. जर फुटणं म्हणतात त्याला. लहानपणापासून तिला ते अधूनमधून व्हायचं.

ती दारातच थांबली. म्हणाली, "आवं आक्का, जर फुटलाय ओठावर. दोन दिस ऱ्हाऊ दे का?"

"त्येला काय हुतंय?" हरणाबाई आतून म्हणाल्या. "आमाला न्हाई का फुटत? ये बिगीनं, पाणी निवाय लागलंय."

बनुबाईनं बाळाला न्हाऊ घातलं. कानांत फुंकर मारली.

आठवडाभरानं बाळ दूध ओढेना. अंगाला हात लावला तरी रडेना. मग डोळे फिरवून झटके यायला लागले. मिरजेच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "बाळाजवळ कुणाच्या ओठावर फोड होते का?" हरणाबाई पटकन बोलून गेल्या, "न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या हुते." औषध चालू झालं, पण विषाणू मेंदूपर्यंत पोचला होता. बाळ गेलं. ऋषिराज आला तो माती झाल्यावर.

गावात एवढंच पसरलं, की बनुबाईच्या तोंडानं पोर मेलं. तिच्या घरावर कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. फक्त तिला बोलावणं बंद झालं. नळावर ती आली की लेकुरवाळ्या बायका पोरांना पदराआड घ्यायच्या. ती उसातलं तण भांगलायला जाऊ लागली. तिथंही तिची सरी सगळ्यांच्या कडेला. तांब्याला तोंड न लावता ती ओंजळीनं पाणी प्यायची. कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तीच.

पुढच्या उन्हाळ्यात मेडिकल कॉलेजची माणसं गावात आली. ओठावर जर ज्यानं फुटतो तो विषाणू कोणत्या वयात किती जणांच्या अंगात असतो, ते त्यांना पाहायचं होतं. अंगणवाडीतल्या पोरांपासून काठी टेकणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत त्यांनी रक्त घेतलं. निकाल ज्याचा त्याला बंद पाकिटात दिला. मग डॉक्टर ज्ञानदा नावाच्या तरुण बाई शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांशी बोलल्या.

"शाळेत जायच्या आतच कितीतरी पोरांना हा गाठतो," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या वयापर्यंत बहुतेकांना. पन्नाशीच्या पुढं तर तो नाही असा माणूस शोधावा लागतो. कांजिण्या आणि नागीण ज्यानं होतात, तो याच कुळातला. एकदा अंगात शिरला की जन्मभर दडून राहतो. बऱ्याच जणांना कधी एक फोडसुद्धा येत नाही, आणि फोड नसतानाही तो लागू शकतो."

मागच्या भिंतीला टेकून बसलेली बनुबाई उठली. "मग बाई, एवढी पोरं म्या न्हाऊ घातली. समद्यास्नी म्याच दिला का?"

"नाही हो. आई, आजी, शेजारपाजार, कुणाकडूनही येतो. बहुतेकांना त्रास होत नाही. फक्त तान्ह्या बाळाला जपायचं. आईला तो आधीपासून असला, तर तिच्या रक्तातून बाळाला थोडं संरक्षण मिळतं. आईला नसला, तर बाळ उघडंच असतं."

त्यांना वाटलं आपण धीर दिला. पण पाकिटातलं घरात किती टिकणार? चारच दिवसांत नळावर नवी बोलणी सुरू झाली. हरणाबाईंच्या अंगात विषाणू आहे, त्यांच्या जावेच्या अंगात आहे, सगळ्या आळीच्या अंगात आहे. नाही तो एकट्या रेश्माच्या. "सून कोरी निघाली," हरणाबाई सांगत सुटल्या. "आईच्याच रगतात काय नव्हतं, तर पोर कसं जगावं?"

बनुबाईच्या कानावर हे आलं तशी ती खुरपं घेऊनच त्यांच्या दारात गेली. "आक्का, माज्यावर हुतं तवर म्या गप बसले. त्या पोरीवर नगा घालू. दारात इचारलं हुतं म्या. ये म्हनलासा तुमी."

"म्या? कवा?" हरणाबाईंनी डोळे वटारले. "म्हातारपणी खोटं बोलतीस व्हय गं?"

आतून रेश्मा उंबऱ्यापर्यंत आली. बाळ गेल्यापासून तिचा आवाज कुणी फारसा ऐकला नव्हता.

"खोटं नाही ते," ती म्हणाली. "मी बाजेवर होते. सगळं ऐकलं. नको म्हणावं असं वाटलं होतं, पण तुमच्यापुढं बोलायला घाबरले."

हरणाबाई परसात निघून गेल्या.

रेश्मा त्याच आठवड्यात वाईला गेली, ती परत आली नाही. ऋषिराज सुट्टीवर आला की आधी वाईला जातो, म्हणतात, आणि दोन दिवसांनी एकटाच गावी येतो. बनुबाईला मात्र बोलावणी पुन्हा येऊ लागली. सगळ्यांच्याच अंगात आहे म्हटल्यावर तिचीच भीती कशाला, असं लोकांनी ठरवलं. ती कुणाकडंच गेली नाही. पाय दुखतात, असं सांगून ती सांगावा आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवते.