स्वतःच्या नावावरचा फोन

माझी शशीमावशी सातव्या वर्षी मेंदूज्वरातून वाचली, पण ऐकू येणं कायमचं गेलं. बोलणं राहिलं. स्वतःचा आवाज कानावर पडत नसल्यामुळे तो मध्येच फार मोठा व्हायचा, मध्येच चिरकायचा. लग्न होऊन ती इंग्लंडमध्ये लेस्टरला आली तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "पाहुण्यांसमोर बोलत जाऊ नकोस." घरात ती गप्प राहायला शिकली.

घराबाहेर मात्र तिला कुणी गप्प करू शकलं नाही. होजिअरीच्या कारखान्यात मशीनच्या गोंगाटात बाकीच्या बायकांना शेजारणीचं बोलणं कळत नसे आणि मावशी पार त्या टोकाच्या बाईचे ओठ वाचून सगळ्यांच्या बातम्या ठेवायची. इंग्रजी ती तिथेच शिकली, ओठांवरून. खुणांची भाषा कर्णबधिरांच्या डेफ क्लबमध्ये शिकली.

टेलिफोन तेवढा तिच्या नवऱ्याचा, उदयकाकांचा. डॉक्टर, गॅसवाले, मुलाची, सुयशची शाळा, सगळ्यांशी काकाच बोलायचे. २००२च्या हिवाळ्यात काका गेले, आणि हॉलमधला फोन नुसता वाजत राहिला. वाजतोय हेही मावशीला कळायचं नाही.

तोवर बसस्टॉपवर, मार्केटात, शाळांच्या गेटपाशी जो तो मोबाइल घेऊन उभा दिसायला लागला होता. डेफ क्लबमधल्या लोकांना तर बोलायचं नव्हतंच, त्यांना मेसेज हवे होते. मावशीने एक साधा, आधी पैसे भरून वापरायचा पे अ‍ॅज यू गो फोन घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, कुणालाही मध्ये न घालता, ब्रिस्टलच्या सुयशला विचारलं, "jevlas ka?" मग काय, दिवसभर बोटं चालू. बुधवार उजाडेपर्यंत क्रेडिट संपायचं.

"आई, महिन्याच्या बिलाचं कॉन्ट्रॅक्टच घेऊ या," सुयश म्हणाला. "माझ्या नावावर घेतो, तुला काहीच करावं लागणार नाही."

"तीस वर्षं मला काहीच करावं लागलं नाही," मावशी म्हणाली. "आता करायचंय. माझ्या नावावर."

२००३च्या मार्चमधल्या एका शनिवारी मी तिच्यासोबत मोबाइलच्या दुकानात गेले. पासपोर्ट, बँकेचं स्टेटमेंट, सगळं तिने पारदर्शक फोल्डरमध्ये आणलं होतं. फॉर्म भरून झाला. मग मॅनेजरने कंपनीचा एक नंबर फिरवला आणि रिसीव्हर तिच्यापुढे धरला. सिक्युरिटीचे प्रश्न आहेत, म्हणाला, उत्तरं कस्टमरने स्वतः फोनवर द्यायची.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. "मी प्रश्न ऐकून त्यांना सांगते."

"तिसरी व्यक्ती चालत नाही. त्यापेक्षा पे अ‍ॅज यू गोच ठेवा ना, त्यांना तेच बरं पडेल."

तो माझ्याशी बोलत होता, पण मावशी त्याचे ओठ बघत होती.

"मला काय बरं पडेल ते मी ठरवीन!"

सगळं दुकान वळून बघायला लागलं. माझे कान तापले. मी तिचा दंड धरला, तिने तो झटकून सोडवला. "बघू देत," ती मला मराठीत म्हणाली. "फुकट आहे."

पुढच्या शनिवारी ती क्लबमधल्या पाच जणांना घेऊन आली. सहाही जणांनी पासपोर्ट आणले होते, सहाही जणांना कॉन्ट्रॅक्ट हवं होतं. दोन काउंटर अडले, रांग दाराबाहेर गेली. मॅनेजरने तोच नंबर फिरवून तोच रिसीव्हर पुढे केला.

मावशीने तो घेतला. "माझं नाव शशी," ती म्हणाली, आणि जन्मतारीख, पत्ता, आईचं माहेरचं आडनाव, सगळं ओळीने सांगितलं. "तुमचे प्रश्न मला ऐकू येणार नाहीत, म्हणून उत्तरं आधीच देते. आता पुन्हा सांगते." आणि खरंच पुन्हा सांगितलं. पलीकडे कुणी आहे की फोन ठेवून गेलं, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. तरी ती थांबली नाही. तिसऱ्यांदा सांगत असताना मी रिसीव्हरला कान लावला. पलीकडची बाई हळूच म्हणाली, "पोस्टकोड नीट कळला नाही."

मी मावशीकडे वळून ते ओठांनी सांगितलं. मॅनेजर काहीतरी बोलणार होता. त्याने रांगेकडे बघितलं आणि तोंड मिटलं. मावशीचा फोन पाच मिनिटांत चालू झाला.

मावशीच्या मागे क्लबमधली मॉरीन होती. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं.

"यांचं नाही जमणार," मॅनेजर म्हणाला. "आवाज लागतो."

"म्हणजे मॉरीनला तुम्ही फोन विकणारच नाही, असा नियम आहे?" मावशीने पेन त्याच्यापुढे सरकवलं. "लिहून द्या. खाली सही करा."

त्याने पेनला हात लावला नाही. आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तो मान खाली घालून. हेड ऑफिसने सांगितलं होतं, पासपोर्ट दुकानातच तपासा, फोनवर बोलण्याची गरज नाही.

"मग हे गेल्या शनिवारीही जमलं असतं," मावशी म्हणाली.

मॉरीनने हवेत दोन्ही हात उंच करून हलवले, ती त्यांची टाळी. पाठोपाठ बाकीचे चौघे. रांगेतल्या एका म्हातारबुवांनीही काही न समजता हात हलवले.

दोन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. 'आपल्या बाबतीत विशेष अपवाद करण्यात आला आहे.' मावशीने 'विशेष अपवाद' या शब्दांवर लाल पेनने रेघ ओढली, वर 'कस्टमर' लिहिलं आणि पत्र परत पाठवून दिलं. उत्तर आलं नाही. तिने वाटही बघितली नाही.

मे महिन्यात क्लबातले आणखी अकरा जण त्याच दुकानात गेले. मी मावशीला मेसेज करून विचारलं, तू त्यांच्याबरोबर जाणार का?

"Mi kashala?" तिचं उत्तर आलं. "Tyanchyakade passport aahet."