स्वस्तातली तलवार

लवंगेच्या तेलाचा वास आला की मला पार्ल्यातला तो हॉल आठवतो, जिथे पंचेचाळिशीत मी जपानी तलवारबाजी शिकायला जायचे. लाकडी तलवारीचा कंटाळा आला म्हणून मी ऑनलाइन एक स्वस्तातली पोलादी तलवार मागवली आणि पात्याला गंज चढू नये म्हणून ते तेल चोळून सरांना दाखवायला नेली. सरांनी चकचकीत पात्याकडे धड पाहिलंही नाही. मुठीतली बांबूची खुंटी काढून त्यांनी मूठच ओढून काढली. आत पात्याचंच रुंद पोलाद असायला हवं होतं. तिथे वेल्डिंग करून जोडलेली बारीक सळई होती आणि तो जोड अर्धा तडकला होता. "ही फिरवलीत का कुठे?" त्यांनी विचारलं. सकाळीच मी ती घरात जोरजोरात फिरवली होती आणि समोर नवरा कौतुकाने बघत उभा होता. "पातं सुटलं असतं हो ताई," सर म्हणाले. मी बाहेर पायरीवर बसून घरी फोन लावला. "काय करतोयस रे?" "चहा पितोय. का गं?" "काही नाही, पी निवांत," म्हणताना मला रडू फुटलं. सकाळी तो "अजून एकदा!" म्हणाला होता आणि मी दमले म्हणून थांबले होते. त्या दमण्याचं मला आजही बरं वाटतं.