पल्याडची ओ

मी "तेव्हा फार शांत होतं" म्हणालो की घरातली नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. धाकटीला मराठी समजतं, पण बोलते हिंदीत. ती एकदा म्हणाली, "आजोबा, इतना शांत था तो आप लोग दिनभर करते क्या थे?" आता हिला काय सांगू, कपाळ! ऐकत होतो, बाई. दिवसभर ऐकत होतो. बालाघाटच्या या घराखाली रिक्षा, ट्रक, मिरवणुकीचे भोंगे आणि समोरची राइस मिल, सगळं एकदम चालू असतं, आणि मला कुणी हाक मारली तर मी तिसऱ्यांदा ओ देतो. सून म्हणते, कान तपासून घ्या. कान ठणठणीत आहेत माझे. त्यांना ऐकावंसं वाटेल असं काही उरलं नाही, एवढंच.

आमचं गाव बालाघाटपासून सायकलनं पाऊण तास, वैनगंगेच्या अगदी काठावर. मी सांगतोय ते ऐंशीच्या पुढच्या वर्षांतलं. गावात वीज यायची होती. संध्याकाळी गोंदियाची छोटी गाडी बालाघाटहून सुटली की तिची शिट्टी आमच्या अंगणात ऐकू यायची आणि आई भाताचं आधण ठेवायची. गुरं परतताना आमच्या म्हशीच्या गळ्यातली लाकडी घंटा इतरांच्या घंटांतून वेगळी कळायची. हे मी कौतिकानं सांगत नाही. साप होते, हिवताप होता, दवाखाना नव्हता, पावसाळ्यात मी सायकल खांद्यावर घेऊन बालाघाटचं ऑफिस गाठायचो. कुणाला तसल्या दिवसांत परत जायचं असेल तर खुशाल जावं, मला नको. पण शांत होतं. आणि एका माणसाचं सगळं जगणं त्या शांततेवर चालत होतं, ते माझे बाबा.

बाबांना एकच बहीण, माझी आत्या, त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. आई-बाप लवकर गेले म्हणून तिला बाबांनीच वाढवलं, आणि बाबांनीच नदीपल्याडच्या गावात तिचं लग्न करून दिलं. समोरासमोर गावं. पण आमच्या जुन्या माणसांची रीत अशी की लेकी-बहिणीच्या सासरचं पाणीसुद्धा तोंडात घ्यायचं नाही. डोंग्यातून, म्हणजे छोट्या नावेतून, पल्याड जायचं, तिच्या ओसरीवर कोरड्या घशानं बसायचं आणि परत यायचं, ही कसली भेट? बाबा वर्षातून एकदाच जायचे, भाऊबीजेला तिला आणायला. बाकीचं वर्ष बहीण-भावांनी आवाजावर भागवलं.

दिवेलागणीच्या आधी आत्या तिकडच्या घाटावर घागर घेऊन यायची, घागर खाली ठेवायची, दोन्ही हात तोंडाशी धरायची आणि हाक मारायची, "दादाऽऽ होऽऽ!" इकडे बाबा आमच्या घाटावरच्या झाडाखाली उभेच असायचे. ते ओ द्यायचे, "होऽऽ बाईऽऽ!" मग ती पुन्हा एकदा, बाबा पुन्हा एकदा. बस. त्यापुढे एक अक्षर नाही. दोन हाका म्हणजे सगळं बरं आहे. तीन हाका म्हणजे काहीतरी झालंय, सकाळच्या पहिल्या डोंग्यानं या. माझ्या आठवणीत तिसरी हाक एकदाच आली, मी शाळेत होतो तेव्हा, आत्याचा नवरा गेला त्या दिवशी. बाबा घाटावरच मटकन खाली बसले होते.

गावातले लोक चेष्टा करायचे. "काय बावाजी, झालं का टेलिफोनचं?" बाबा म्हणायचे, "झालं ना! तुमच्या बालाघाटच्या टेलिफोनले दोन दोन घंटे लाइन नाही लागत. माह्यावाला कवाच बंद नाही पडत." आणि खरंच नाही पडला. पुराच्या दिवसांत डोंगा आठ आठ दिवस बंद असायचा, तेव्हा दोघं उंच टेकाडावर चढून ओरडायचे. ताप असला तरी बाबा घोंगडी पांघरून जायचे. ओ दिली नाही असं झालं नाही.

मग मी शहाणा झालो. ऑफिसात कारकुनी करून करून मला वाटायला लागलं होतं की गावात अक्कल फक्त माझ्याकडे आहे. धान निघालं की आमची शेतं कोरडी पडून राहायची, आणि नदी शंभर पावलांवर. मी दिवाळीच्या पाडव्याला डिझेल इंजिन आणलं. बैलगाडीतून उतरवलं, घाटाच्या वर ओटा करून बसवलं, हँडल मारलं, आणि ते धडधडायला लागलं तेव्हा अख्खा गाव जमला. पोरं नाचली. दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला आत्या आली, तिनं इंजिनाला हळद-कुंकू लावलं, वर हात फिरवून म्हणाली, "दादा, आता तुह्या दारी नदी आली पाय!" बाबाही हसले. आमच्या इंजिनाचा एक ठोका मधेच चुकायचा, ढग-ढग-ढग आणि मग एक उसासा टाकल्यासारखा. आत्यानं त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं.

आत्या परत गेली त्या दिवसापासून गोष्ट बिघडली. मी दिवसभर ऑफिसात. साडेपाचला सायकल मारत यायचो, कपडे बदलायचो आणि इंजिन सुरू करायचो. हँडल मारणं बाबांच्या हातून व्हायचं नाही. उजेड असेतो पाणी गव्हाच्या बाऱ्यांत, म्हणजे वाफ्यांत, वळवून घ्यायचं, मग वांगी-मिरची, मग शेजाऱ्यांचं. म्हणजे नेमकी दिवेलागणीची वेळ.

पहिल्याच दिवशी बाबा आले. "बापू, थोडं थांबून सुरू कर ना. बाईची हाक होऊ दे."

"अंधारात बाऱ्या कोण वळवन, बाबा?"

"मंग बंद कर जरासं. पाच मिनिटं."

"बंद केलं की पाइपातलं पाणी उतरते. बादलीनं भरत बसा मंग पुन्हा. तुम्ही भरसान?"

ते घाटाकडे निघून गेले. मी बरोबरच बोलत होतो, हेच तर वाईट आहे. पाणी खरंच उतरायचं, अंधार खरंच पडायचा. पण पाच मिनिटं! अरे, पाच मिनिटं काय हो माणसाच्या आयुष्यात! आज मी टीव्हीसमोर रोज चार घंटे बसतो आणि काय पाहिलं ते मला आठवत नाही.

बाबा तरी रोज घाटावर जायचे. इंजिनापासून दूर, खालच्या अंगाला पार ओढ्यापर्यंत चालत जायचे, कानामागं हात धरून उभे राहायचे. थंडीत पाण्यावरून आवाज लांब जातो, इंजिनाचाही जातो. तिथून ओरडायचेही. काही ऐकू यायचं नाही. डोंगेवाला भेटला की विचारायचे, "बाई बरी हाये?" तो म्हणायचा, "हौ, बरी हाये." एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. ती बरी आहे हे त्यांना डोंगेवाल्याकडून कळून काय उपयोग? मी म्हणालो, "जाऊन या ना एकदा." तर म्हणाले, "बिनकामाचा बहिणीच्या दारी जाऊ? लोक काय म्हणतीन, भाऊ भुकेला आला?" हट्टी माणूस.

पौषात एकदा जेवताना एकदम बोलले, "आता ती येतच नसन घाटावर. ओ भेटत नाही तं कोण घसा फोडते?" आई म्हणाली, "येत असन हो." बाबा म्हणाले, "कायले येईन?" आणि ताटावरून उठले. मी खाली मान घालून जेवत राहिलो. त्या वर्षीचा आमचा गहू गावात पहिला होता आणि लोक मला रस्त्यात थांबवून विचारत होते. मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू.

माघात बाबांची छाती भरली. ओढ्याजवळच्या थंडीत उभं राहून राहूनच भरली, असं आई म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली. मी बालाघाटहून डॉक्टर आणला. त्यानं इंजेक्शन दिलं, दवाखान्यात न्यायला सांगितलं. बाबा म्हणाले, "मी कुठंच येत नाही." आत्याला निरोप धाडतो म्हटलं तर तेही नको. "रडत येईन अन् रडत जाईन. तिले नको तरास देऊ." तीन दिवस इंजिन चालूच होतं, कारण गहू ओंबीवर आला होता. लाज वाटते सांगायला, पण होतं चालू.

चौथ्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता. "बापू, आज नको सुरू करू. मले ऐकू दे."

"नाही करत, बाबा."

"दार उघडं ठेव. अन् तू घाटावर जाय. तिची हाक आली की माह्यावाली ओ तू देजो."

मी गेलो. इंजिनाला हात लावला नाही. तीन महिन्यांनी त्या घाटावर संध्याकाळ पूर्वीसारखी आली. पल्याड कुणीतरी कपडे धूत होतं त्याचा एकेक आपटा ऐकू येत होता. छोट्या गाडीची शिट्टी आली. मी वाट पाहिली. पल्याडच्या घाटावर एक बाई येऊन उभी राहिलेली मला दिसली, आत्यासारखीच वाटली, पण उजेड कमी होता. ती उभीच राहिली. हाक आली नाही. मग मीच तोंडाशी हात धरून ओरडलो, "आत्याऽऽ!" पण मी कधी ओरडलेलो नव्हतो. ऑफिसात खालमानेनं बोलणारा मी, माझा आवाज पाण्याच्या मधापर्यंतही गेला नसेल. ती बाई खाली बसली, मग उठून निघून गेली. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा घाट रिकामा होता.

घरी येऊन मी म्हणालो, "आली होती हाक, बाबा. दोनदा. मी ओ देल्ली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "माहे कान अजून मेले नाहीत, बापू," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

घाट शंभर पावलांवर, दार उघडं, इंजिन बंद. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्या दोन फाटक्या हाका आणि पल्याडून काहीच नाही. त्यांचं शेवटचं मागणं मी पुरवलं आणि त्यातून त्यांना कळलं काय, तर बहीण बोलत नाही.

सकाळी आईनं चहा दिला. दोन घोट घेतले आणि गेले.

मी पहिल्या डोंग्यानं आत्याला सांगायला निघालो. अर्ध्या नदीतच दिसलं, ती घाटावर बसलेली होती, बाजूला तिचा मुलगा, हातात गाठोडं. डोंग्याचीच वाट पाहत होती. केस मोकळे होते. मी उतरलो, तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "काल सांजेलेच गेला ना दादा? मले समजलं."

"कसं समजलं, आत्या?"

"इंजिन नाही वाजलं ना! रोज मी हाक मारत जाव, दोनदा. तुह्यावालं इंजिन वाजून राह्यलं म्हणजे दादा ओ देऊन राह्यला, असं समजून घेत जाव. म्हणलं, दादाचा आवाज थकला असन, आता इंजिनच ओ देते. काल घाटावर आली तं सामसूम. गंज येळ उभी राह्यली. मंग हाक कोणाले मारू? घरी जाऊन न्हायली त्याच्या नावानं. डोंगा बंद झाला होता, नाही तं रातीच आली असती."

काल संध्याकाळीच तिनं भावाच्या नावानं अंघोळ केली होती. आणि भाऊ तेव्हा दार उघडं ठेवून तिची हाक ऐकायला पडून होता. हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? ती पुन्हा म्हणाली, "सांजेलेच गेला ना?" मी म्हणालो, "हौ."

ते खोटं डोंगा इकडच्या काठाला लागेपर्यंत टिकलं. अंगणात पाय ठेवला तशी आई तिच्या गळ्यात पडली आणि रडत बोलायला लागली, "आत्ता, आत्ता गेले वो बाई! चहा घेतला सकाळी. काल सांजेले मले म्हणे, दार उघडं ठेव, बाईची हाक येईन..."

आत्यानं आईला सोडलं. ती मागं वळली आणि माझ्यापाशी आली. रडत नव्हती.

"बापू," ती म्हणाली, "काल तो ऐकत होता का रे?"

अंगणात पन्नास माणसं होती आणि कुणाचा श्वासही ऐकू येईल इतकं शांत होतं. मी उघड्या दाराकडे पाहत राहिलो. आत्या त्यानंतर बारा वर्षं जगली, पण तिनं मला पुन्हा हाक मारली नाही.