पत्रिकेऐवजी आवर्तसारणी

माणसाकडे माणूस म्हणून न पाहणारा सबंध मावळात एकच गृहस्थ आहे, आणि नेमका तोच मला विज्ञान शिकवायला होता. भाजे गावातले आमचे हे निवृत्त सर, माणूस दिसला की त्याला आवर्तसारणीत कोंबतात. सरपंच ॲल्युमिनियम: "वर असा थर धरलाय की आतलं काही बाहेर येत नाही." लोणावळ्याच्या चौकात मी अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाटत होतो, तेव्हा भर गर्दीत मला म्हणाले, "तू सोडियम! पाण्याचा थेंब लागला की पेटतोस. तुला रॉकेलमध्ये बुडवूनच ठेवायला हवं."

पत्रिका जुळवण्याविरुद्ध ते तावातावाने बोलायचे, म्हणून मी त्यांना आपल्यातलं समजत होतो. मग त्यांच्या मुलीला, आमच्या ताईला, स्थळं येऊ लागली आणि सोंग उघडं पडलं. पत्रिका मागणाऱ्यांना दारातूनच परत पाठवायचं आणि उरलेल्यांना स्वतः तपासायचं. बोलका मुलगा आला, तो फ्लोरीन: "दिसेल त्याला चिकटणार." सरकारी नोकरीतला आला, तो सोनं: "शंभर वर्षं ठेवा, काही घडणार नाही." ज्योतिषाने मंगळ सांगितला तर अंधश्रद्धा, सरांनी फ्लोरीन सांगितला तर विज्ञान! ग्रहांना हाकलून त्यांच्याच पाटावर मूलद्रव्यं बसवायची, हा कसला पुरोगामीपणा? ताईचं वय वाढत होतं आणि हे चौकटी भरत होते.

शेवटी ताईनेच मुलगा निवडला. कुरवंड्याचा, खंडाळ्याच्या हॉटेलात स्वयंपाकी. तो आला, पोहे खाल्ले, विचारलं तेवढ्याला "व्हय", "न्हाई" म्हणाला.

"अरगॉन!" सरांनी त्याच्यादेखत निकाल दिला. "निष्क्रिय वायू. कशाशी संयोगच नाही. नकार."

"बाबा, अरगॉन वापरतात कशाला?" ताईने विचारलं.

घराला आग लागली तरी मास्तर आधी प्रश्नाचं उत्तर देतो. "बल्बमध्ये भरतात. तार लालबुंद तापते, पण जळून जात नाही."

"मग माझं डोकं कसं आहे?"

"लय तापतंय," अरगॉन कोपऱ्यातून म्हणाला.

सरांनी पोह्यांची दुसरी बशी त्याच्यापुढे सरकवली. महिन्याभरात नोंदणी पद्धतीने लग्न झालं.

त्यानंतर मी मुद्दाम टोमणा मारायला गेलो. "सर, साऱ्या गावाला चौकटी वाटल्यात. तुमची कुठली?"

"हायड्रोजन," ते म्हणाले. "धातूंच्या रांगेत उभा, पण धातू नाही. कुठंच धड बसत नाही." मग म्हणाले, "त्याचा एकटा अणू टिकत नाही रे. लगेच कुणाला तरी धरतो. ताईची आई गेली, तेव्हापासून मी तिलाच धरून बसलो होतो."

माझं भाषण तोंडाशी तयार होतं. ते गिळून मी चहा ठेवायला आत गेलो. डबे उघडून पाहिले आणि ओरडून विचारलं, "सर, साखर कुठंय?"

"ताईला विचार ना," बाहेरून सर म्हणाले.

ताई तर सासरी होती. चहा आम्ही बिनसाखरेचाच प्यायलो.