चादरीचं टोक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला लिहून सांगतेय, तरी हात थांबतोच आहे.

शहापूरला रविवारच्या प्रार्थनेत मी साक्ष देते — म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सांगायचं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बोलता बरं येतं. माझी साक्ष सगळ्यांना आवडते. गेल्या वर्षी भातलावणीनंतर मला लेप्टोचा ताप आला, मूत्रपिंडं बंद पडली, ठाण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आईला बाजूला नेलं — इथपर्यंत सगळं खरं आहे.

मग मी सांगते, की शेजारच्या खाटेवरची बाई भिंतीकडं तोंड करून रडत होती. मी प्रार्थना केली. हात पोचेना, म्हणून माझ्या चादरीचं टोक तिच्याकडं फेकलं आणि म्हटलं, "धर. येशू दोघींना ओढील."

लोक डोळे पुसतात.

पण — कसं लिहू? भिंतीकडं तोंड माझं होतं.

आई भेटीच्या वेळेपुरतीच आत यायची, तिनं काही पाहिलं नाही. चादर टाकली ती शेजारच्या खाटेवरच्या, टोकावड्याच्या सुमनमावशीनं. तिलाही तोच ताप, त्याच सुया. बांधावरच्या शेजाऱ्याशी बोलावं तशी ती येशूशी बोलायची. "बापा, माजी नाचणी लावायची रायलीय. मला लवकर सोड, न् या पोरीलाबी. लय रडते, झोपू देत नाय!" मला हसू आलं. त्या आजारपणातलं पहिलं. आणि भीती — खरंच सांगते — उतरली.

नाताळच्या आधीच्या रविवारी मी साक्षीला उभी राहिले, तर मागं मावशी! मुरबाडला गाडी बदलून आलेली, चांगली धडधाकट. एक वाक्य बदलता आलं असतं ना? मी तेच सांगितलं, शब्दही न चुकता. सगळ्यात मोठं "आमेन" तिचंच.

जेवताना माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "गो, काय बेस सांगलंस! मलाच वाटाय लागलं, मीच रडत व्हते." इतकी हसली, की वरण सांडलं. मीही हसले. तिला जिवंत बघून झालेला आनंद खरा होता. तोंडातून खरं मात्र निघालं नाही.

त्यानंतरही ती साक्ष मी तीनदा दिली.

चादर सुमनमावशीनं टाकली होती. मी भिंतीकडं तोंड करून होते. वळले, आणि टोक धरलं.