कप्तान भाऊसाहेबांना एकटं सोडेना

पत्र्याच्या शेडमध्ये तीच तीच माणसं रोज बसायला लागली की दोन गोष्टी वाढतात. उंदीर अन् किस्से! उंदरांवर औषध मिळतं. किस्से मात्र माणसं मेली तरी मरत नाहीत, माझ्याच डोक्यात येऊन साठतात. म्हणून लिहून टाकतो. चौथीपर्यंत शिकलोय. चुका काढायच्या त्यांनी घरी बसून काढाव्यात.

शेड नाशिकच्या बाहेर, एका जुन्या धावपट्टीच्या कडेला. मालक सिन्नरचे भाऊसाहेब. ट्रकचा धंदा, पन्नाशी उलटलेली, अन् नव्वद सालानंतर कधीतरी त्यांना विमान शिकायची हुक्की आली. मी त्यांचा ड्रायव्हर. शिकवायला एक रिटायर कप्तान. शिकणं निम्मंही झालं नाही, तोवर भाऊसाहेब जुनं विमान घ्यायला निघाले!

विमान होतं विमान शिकवणाऱ्या एका बंद पडलेल्या क्लबात, चिंचेखाली. दोन माणसांचं. भाऊसाहेबांनी जुना ट्रक बघतात तसं बघितलं. टायरला लाथ मारली. वाकून तेल गळतंय का पाहिलं. मग विकणाऱ्याला विचारलं, "पडलंय का कधी?"

"एकदाच."

"अन् चालवणारा?"

"तोही एकदाच!"

भाऊसाहेब पोट धरून हसले. अन् घेतलं. मी हसलो नाही.

*

पंख सोडवून आमच्याच ट्रकवर लादलं. चांदवडच्या अलीकडे पोलिसानं हात केला.

"हे उडवत का नाही नेत?"

"शिकतोय अजून," भाऊसाहेब म्हणाले.

"मग ट्रक कोण चालवतंय?"

"हा."

पोलिसानं मला खालून वरपर्यंत बघितलं. "याला तरी चालवता येतो ना?"

*

जमिनीवर विमान पायानं वळवायचं असतं. हातातलं चाक तेव्हा कामाचं नाही. भाऊसाहेबांचा जन्म गेला ट्रकमध्ये. वळण आलं की पाय विसरायचे अन् चाक गरागरा फिरवायचे! कप्तान बोंबलतोय "पाय, पाय!" अन् विमान सरळ शेजाऱ्याच्या कांद्यात.

शेजारी बांधावर उभा. शिवी नाही, काही नाही. म्हणाला, "भाऊसाहेब, मी तर ऐकलं होतं, विमान वरून जातं!"

*

दसऱ्याला वहिनींनी विमानाची पूजा केली. भाऊसाहेबांची बायको, भोळी अन् लय नेमाची. झेंडूची माळ, नारळ, सगळं झालं. पंखाखाली बोटाएवढी एक नळी असते. तिच्यात वारा शिरतो, त्यावर वेगाचा काटा चालतो. वहिनींनी त्या नळीत हळदकुंकू अन् अक्षता ठासल्या.

दोघं वर गेले अन् काटा हलेना! वेग कमी झाला की विमान दगडासारखं पडतं. किती कमी झाला ते कळायला काही नाही. भाऊसाहेबांनी इंजिनाच्या आवाजावरून उतरवलं. कप्तानाचा सदरा पिळून काढावा असा भिजलेला.

वहिनी म्हणाल्या, "मला वाटलं, नाक हाय त्याचं!"

भाऊसाहेब मात्र खुशीत. "काटा नसताना उतरवलं, कप्तान! आता तरी एकटं सोडा."

गुरूनं विमानातून उतरून शिकणाऱ्याला एकट्याला वर सोडल्याशिवाय पुढं लायसन नाही. कप्तान म्हणाला, "अजून नाही."

*

हे "अजून नाही" पुढं कितीतरी दिवस चाललं. भाऊसाहेबांचा जीव त्या एकाच गोष्टीत अडकलेला. एका दुपारी ते कप्तानावर धावूनच गेले. "माझ्यात खोट काय ते सांगा!"

"तुम्ही घाबरत नाही," कप्तान म्हणाला. "असाच एकजण मी लवकर सोडला होता. त्याच्या आईला सांगायला मलाच जावं लागलं."

मग भाऊसाहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "आमच्या हिला सांगायला या नामाला पाठवा. त्याला काळीजच नाही!"

अन् मलाच जावं लागलं. भाऊसाहेब गेले ते विमानानं नाही, स्कूटरनं. सिन्नर रोडला काळीपिवळी जीपनं उडवलं.

वहिनींनी दार उघडलं, माझं तोंड बघितलं. "विमानात होते?"

"नाही वहिनी. स्कूटरवर."

"मग इतके दिवस मी उपास कशाचे केले?"

*

दहावा रामकुंडावर. पिंड मांडला. भिंतीवर ही कावळ्यांची रांग, पण एक खाली उतरेना. मेलेल्याचं काही मनात राहिलं की कावळा शिवत नाही, मग घरच्यांनी शब्द द्यायचा. पुतण्या म्हणाला, "काका, धंदा नीट सांभाळतो." नाही. वहिनी म्हणाल्या, "विमान विकत नाही हो." नाही. ऊन डोक्यावर आलं. भटजी दर्भाचा कावळा करू म्हणायला लागले.

कप्तान देवधर्म न मानणारा. लांब उभा होता. मी त्याच्यापाशी गेलो. "साहेब, काय राहिलंय ते तुम्हाला ठाऊक हाय. आता काय पडणार हाय का ते?"

त्यानं बूट काढले, पुढं आला, पिंडासमोर ताठ उभा राहिला अन् धावपट्टीवर बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "भाऊसाहेब, मी उतरतोय. आता एकटे जा."

कावळा आला. घास उचलला अन् गोदावरीवरून निघून गेला.

लोक पांगले. वहिनींना रिक्षात बसवून मी कप्तानाला न्यायला परत आलो. तो तिथंच, अनवाणी, मान वर करून.

"चला साहेब, संपलं."

"तुम्ही व्हा पुढं," कप्तान म्हणाला. "शिष्य एकटा सोडला की तो उतरेपर्यंत गुरूनं जागा सोडायची नसते!"