वजनबाईंविरुद्धचा अर्ज मागे घेण्याबाबत

अर्जदार: मी, कचेरीच्या फाटकाजवळ बसणारा अर्जनवीस, राहणार लकडगंज. साक्षीदार: माझी पत्नी व माझ्या मातोश्री. घटनेचा काळ: आमचा बंडू तीन महिन्यांचा असताना. जिच्याविषयी अर्ज ती व्यक्ती: दवाखान्याकडून घरोघरी तान्ही मुले तपासण्यास येणाऱ्या वजनबाई. त्यांचे खरे नाव मोहल्ल्यात कोणी वापरीत नसे.

वजनबाई प्रत्येक मुलाचा अपमान करीत. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या चौकटीला काटा टांगून त्यास कापडी झोळी अडकवली, तोच मातोश्री आडव्या आल्या. "काहून वं बाई, माहा नातू काय कांदे हाय तोलाले? नजर लागंल न!"

"याले कोण नजर लावते, आजी?" वजनबाई म्हणाल्या. "पोरगं हाय का सुकलेलं वांगं?"

मातोश्रींनी प्रसन्न होऊन नातू स्वहस्ते झोळीत ठेवला.

मी जेवत होतो. हात धुऊन त्याच दुपारी अकरा मुद्द्यांचा अर्ज केला: सदर बाईंनी अर्जदाराच्या ज्येष्ठ पुत्रास वांगे संबोधून कुटुंबाची मानहानी केली, सबब त्यांची बदली व्हावी. उत्तर आले नाही.

पुढे पुष्पा झाली. सहा महिन्यांची झाली तरी अंगावर मांस नव्हते. वजनबाई दर मंगळवारी येऊ लागल्या, भर मे महिन्यातही, डोक्यास ओला दुपट्टा गुंडाळून. "कुठं हाय माही पाल?" असे दारातूनच ओरडत. पत्नीस त्यांनी पेज शिकवली आणि मला म्हणाल्या, "लेखणी ठेवा जी, चमचा धरा. माय एकटी किती करंल?" मी धरला. यास साक्षीदार आहेत.

पुष्पाचे वजन पुरेसे भरले त्याच आठवड्यात उत्तर आले. अर्ज मंजूर, बदली रामटेककडे. माझ्या कारकिर्दीत इतका पूर्ण मंजूर झालेला दुसरा अर्ज नाही.

त्या निरोप घेण्यास आल्या तेव्हा मी दाराआड होतो.

"बाहेर या जी," त्या हसल्या. "साहेबानं मले वाचून दाखवला. लय सुंदर लिहिता. वांग्यापाशी थे बी हसले." मग पुष्पाला शेवटचे तोलून म्हणाल्या, "पालीचा बेडूक झाला!" मातोश्री रडल्या.

नंतरच्या बाई मुलांना गोंडस म्हणत. महिन्याभरात साऱ्या सासवांनी दारे लावून घेतली. बदली रद्द व्हावी म्हणून मी पुष्कळ अर्ज केले. भाषा पहिल्याहून सरस आहे. उत्तर नाही.

आता पुष्पा मॅट्रिकला आहे. धट्टीकट्टी. सारा मोहल्ला कौतुक करतो आणि मातोश्रींना नजरेची धास्ती वाटते. तरी वजनबाई जेथे असतील तेथून त्यांना पाठवावे. त्यांनी एकदा येऊन मुलीस पाल म्हणावे आणि मलाही, योग्य वाटेल ते, काहीतरी म्हणावे, ही नम्र विनंती. उत्तर मिळावे.